जन्मस्थळ चाफेवाडी

ओंकारच्या फोनवर हॉलंडहून एक रेकॉर्ड केलेला आवाज आला होता. पाठवणारी इंदिरा, अंबूबाईंच्या धाकट्या भावाची, म्हणजे अमृतची मुलगी. तिकडंच जन्मलेली, तिकडंच वाढलेली, मराठीचा गंधही नसलेली. सोबत तिनं इंग्रजीत लिहिलं होतं, की बाबा आता डच विसरत चाललेत. रोज संध्याकाळी दाराशी जाऊन हेच बोलत राहतात. आई रडते, मला काही कळत नाही. ते काय मागतायत, कुणी सांगाल का?

ओंकार हा अंबूबाईंचा मुलगा. लोणावळ्यात पर्यटकांना फिरवणारी जीप चालवायचा, त्यामुळे कामापुरतं इंग्रजी त्याला यायचं. त्यानं आईला सगळं समजावून सांगितलं आणि आवाज लावला. कुरवंड्यातल्या घराच्या ओट्यावर, तांदूळ पाखडत बसलेल्या अंबूबाईंच्या कानावर भावाचा घोगरा, दमलेला आवाज पडला.

"दादा, म्हस कुटं बांधू? सांग की रं. म्हस कुटं बांधू?"

सूप हातातच राहिलं. अंबूबाईंनी पदर तोंडाला लावला.

"म्हशीचं काय म्हणतोय मामा?" ओंकारनं विचारलं. "तिकडं त्यांच्याकडं म्हैस आहे व्हय?"

"तिकडली न्हाई रं. चाफेवाडीची."

पवनेचं धरण झालं तेव्हा चाफेवाडी पाण्याखाली गेली. अंबूबाई तेव्हा नुकत्या साडी नेसू लागल्या होत्या, थोरल्या भावाला, महिपतीला, मिसरूड फुटलं होतं आणि अमृत शाळेत जात होता. पाणी चढायला लागलं तशी माणसं सामानसुमान घेऊन वरच्या माळावर पत्र्याच्या आडोशाला आली. पण म्हैस येईना. दावं तोडून ती पुन्हा पुन्हा खाली घराकडं पळायची आणि अमृत तिच्यामागं धावायचा. एकदा महिपती त्याला शोधायला उतरला, तर गोठ्यात पाणी शिरलेलं, म्हैस दारात उभी, आणि हा पोरगा कमरेइतका भिजलेला, हातात दावं धरून विचारतोय, "दादा, म्हस कुटं बांधू?" महिपतीनं त्याला खांद्यावर घेतलं आणि वर आणलं. म्हैस पुढं तळेगावच्या बाजारात विकली. घर वलवणला भावंडांच्या मामाच्या आसऱ्यानं उभं राहिलं, अंबूबाई लग्न होऊन कुरवंड्यात आल्या.

अमृतचं मन मात्र वलवणात कधी रमलं नाही. मिसरूड फुटताच तो मुंबईला गेला, तिथून बोटीवर चढला आणि फिरत फिरत रॉटरडॅमच्या बंदरात क्रेन चालवायला लागला. तिथलीच योहाना नावाची मुलगी त्यानं केली. मधूनमधून यायचा, सगळ्यांना घड्याळं वाटायचा, रात्रभर गप्पा मारायचा आणि पुन्हा जायचा. मग त्याच्या हृदयाचं मोठं दुखणं निघालं, डॉक्टरांनी विमानाला कायमची मनाई केली, आणि त्यापाठोपाठ हे विसरणं सुरू झालं.

"मला त्याच्याकडं जायचंय," अंबूबाई म्हणाल्या. "दादालाबी ने. थोड्या दिसांसाठी का हुईना."

पासपोर्ट दोघांचेही होते. इंदिराच्या लग्नाला जायचं म्हणून काढलेले; पण करोना आला, लग्न तिकडच्या तिकडं चार माणसांत उरकलं, आणि पासपोर्ट ट्रंकेत पातळांच्या घडीखाली कोरेच पडून राहिले. ओंकारनं ते काढले आणि मायलेक वलवणहून महिपतीला घेऊन लोणावळ्याच्या बाजारात माधवीच्या ऑफिसात गेले.

माधवी लोकांची परदेशाची तिकिटं काढून द्यायची, व्हिसाचे अर्ज भरायची. दुबईला आणि थायलंडला जाणारी गिऱ्हाइकं तिच्याकडं बरीच. सत्तरी ओलांडलेली भावंडं हॉलंडला निघाल्याचं तिनं पहिल्यांदाच पाहिलं. तिनं त्यांना पाणी दिलं आणि समजावून सांगायला बसली.

"मावशी, आबा, हा व्हिसा थोड्या मुक्कामाचा असतो. युरोपातल्या पुष्कळ देशांना मिळून एकच. तीन महिन्यांच्या वर राहता येत नाही. इंदिराताईंनी तिथल्या नगरपालिकेतून शिक्का मारून निमंत्रण पाठवायचं, की ही आमची माणसं आहेत, यांचा खर्च आम्ही करू. आजारपणाचा विमा लागतो. जायचं-यायचं तिकीट दाखवावं लागतं. शिवाय पुण्याला जाऊन बोटांचे ठसे आणि फोटो."

"आनि मंग?" महिपतीनं विचारलं.

"मग त्यांना एवढंच पटायला हवं, की तुम्ही नक्की परत याल."

अंबूबाई हसल्याच. "आता ह्या वयात तितं राहून मी काय करनार? म्हस व्याया झालीया माजी. तिचं कोन बगंल?"

"तेच कागदावर दाखवायचं," माधवी म्हणाली. "शेताचा सातबारा, बँकेचं पुस्तक, घरच्यांची माहिती. म्हशीचा मात्र कागद नसतो, मावशी."

सगळं जमवलं. पुण्याला जायच्या दिवशी अंबूबाईंनी ठेवणीतलं इरकल नेसलं. ठसे घ्यायच्या काचेवर त्यांची बोटं उमटेनात. शेणामातीत आणि भात लावणीत रेघा पुसट झालेल्या. तिथल्या मुलीनं ओल्या कापडानं बोटं पुसली, हलकेच दाबली, पुन्हा पुन्हा घेतले तेव्हा कुठं काम झालं. परतीच्या वाटेवर, कामशेत मागं पडल्यावर, महिपती म्हणाला, "त्यो मला वळखंल का गं, अंबू?"

व्हिसा नाकारला गेला.

माधवीनं कागद वाचून दाखवला तेव्हा तिचाच चेहरा उतरला होता. मुदतीत परत जाण्याचा इरादा खात्रीलायक वाटत नाही, हे एक. आणि निमंत्रण देणाऱ्याशी असलेलं नातं कागदांवरून सिद्ध होत नाही, हे दुसरं.

"नातं सिद्द हुत न्हाई?" अंबूबाईंचा आवाज चढला. "एका आयेच्या पोटचं आमी. मी त्याला काखंला मारून हिंडलीया!"

"मावशी, त्यांचंही अगदीच चुकलं नाही," माधवी हळूच म्हणाली. "माझ्याही लक्षात आलं नाही. हे बघा, आबांच्या पासपोर्टवर जन्मस्थळ वलवण. तुमच्यावर कुरवंडे. आणि अमृतकाकांच्या तिथल्या कागदांवर चाफेवाडी. सख्खी भावंडं म्हणता आणि तिघांची गावं तीन. तिकडं बसलेल्या माणसानं काय समजायचं?"

अंबूबाईंनी भावाकडं पाहिलं. महिपती टेबलावरची घडी घातलेली टोपी उलटीपालटी करत होता.

"फारम भरनाऱ्यानं इचारलं, जन्म कुटला," तो म्हणाला. "मी म्हनलं चाफेवाडी. त्यो म्हनला, आबा, ह्ये गाव हितं दिसत न्हाई, दुसरं सांगा. मी म्हनलं, मंग लिव वलवन. जे गाव ऱ्हायलंच न्हाई त्याचं नाव लिवून काय करायचं?"

"मलाबी असंच झालं," अंबूबाई म्हणाल्या. त्या वेळी त्यांना त्याचं काहीच वाटलं नव्हतं. आता मात्र कुणीतरी आपल्याच हातानं आपलं नाव खोडायला लावल्यासारखं वाटलं.

माधवीनं मार्ग सांगितला. शाळेचा दाखला मिळाला तर पासपोर्टवरचं जन्मस्थळ बदलून घेता येईल, आणि नव्यानं अर्ज करता येईल. चाफेवाडीची शाळा बुडाली तरी तिचं दप्तर धरणाच्या काठावरच्या नव्या वस्तीत गेलं होतं, आणि तिथली शाळा अजून चालू होती.

मेच्या कडक उन्हात ओंकारनं दोघांना जीपमधून तिकडं नेलं. सुट्टी असूनही हेडमास्तर दत्तोबा मुद्दाम आले होते. त्यांनी कपाटातून जुनं रजिस्टर काढलं, धूळ झटकली आणि तिन्ही भावंडांचे दाखले लिहून दिले. तिन्हीवर गाव एकच. महिपतीला अक्षरं लागायची नाहीत फारशी, तरी त्यानं त्या शब्दावर बोट ठेवलं आणि मास्तरांना विचारलं, "ह्येच ना?"

"हेच, आबा. चाफेवाडी."

निघताना वळणावर अंबूबाईंनी ओंकारला गाडी थांबवायला सांगितली. धरणाचं पाणी उन्हाळ्यानं खूप खाली गेलं होतं. एरवी निळं दिसायचं तिथं भेगाळलेला गाळ पसरला होता, आणि त्यात मधूनमधून काळे दगड वर आलेले.

"दादा, ती बग. देवळाची पायरी."

"व्हय की."

दोघं उतरू लागले. ओंकार मागून "जपून, आई, जपून" म्हणत आला. पायाखाली गाळाची खपली करकर मोडत होती. जवळ गेल्यावर दगडांची घरं झाली. हा गुरवाचा चौथरा. ही विहिरीची कड, आत बुजलेली. रखमाजी सुताराच्या दारातला पाटा अजून आडवा पडलेला. महिपती आधी हळू चालत होता, मग भराभर चालू लागला, जणू उशीर झाला होता आणि घरचे वाट बघत होते. एका जोत्यापाशी तो थांबला. बाजूला गोठ्याच्या दगडी खांबाचा बुंधा गुडघ्याइतका शिल्लक होता आणि त्याला दाव्याच्या घासानं पडलेली खाच.

महिपती त्या बुंध्यावर हात ठेवून उभा राहिला. अंबूबाई जोत्यावर बसल्या. इथं चूल होती. इथं आई भाकऱ्या थापायची आणि अमृत पहिल्या भाकरीसाठी हट्ट करायचा. पावसाळ्यात या दारातून समोरचा डोंगर ढगात बुडालेला दिसायचा. डोंगर अजून तिथंच होता, अगदी तसाच. त्यांना वाटलं, आत्ता कुणी हाक मारली तर आपण 'आले' म्हणून उठू.

"ओंकार," त्या म्हणाल्या, "तिकडं फोन लागंल का रं? तोंड दिसतं तसा?"

रेंज एक पाय इकडं, एक पाय तिकडं करत होती, पण लागला. तिकडं नुकतीच सकाळ झालेली दिसली. इंदिरानं फोन बापापुढं धरला. अमृत खुर्चीत बसला होता, पांढरे केस नीट विंचरलेले, नजर कुठंच नसलेली. ओंकारनं कॅमेरा उलटा फिरवला आणि जोतं दाखवलं, खांब दाखवला, डोंगर दाखवला.

"अमृत," अंबूबाई म्हणाल्या. "वळख बगू, कुटं आलोय आमी."

मग अमृत फोनकडं वाकला. त्याच्या कपाळावर आठी पडली, तशी लहानपणी गणित सोडवताना पडायची.

"गुरवाच्या अंगानं चल," तो म्हणाला.

ओंकार चालला.

"आता हिरीकडं. न्हाई न्हाई, तिकडं रखमाजीचं कुत्रं हाये, चावंल. हां. आता वर." त्याचा आवाज तरुण होत गेला. कुणाचं घर कुठं, कुणाच्या परड्यात पेरूचं झाड, कुणाची म्हातारी शिव्या द्यायची, सगळं तो सांगत सुटला. ओंकार गाळातून फोन धरून त्यानं सांगितलेल्या वाटेनं हिंडत होता. तिकडं अमृतच्या मागं योहाना तोंडावर हात धरून उभी होती. आज कित्येक महिन्यांत नवरा इतकं बोलला नव्हता.

फोन पुन्हा गोठ्यापाशी आला. अमृत थबकला.

"दादा, म्हस कुटं बांधू?"

महिपतीला तेव्हा जे बोलता आलं नव्हतं ते आता आलं. त्यानं बुंध्यावर थाप मारली. "हितं बांद. पानी गेलं बग सगळं. कोरडं हाये. बांद आनि ये जेवाया."

अमृत खुर्चीत मागं टेकला. "बांदली," म्हणाला. आणि डोळे मिटले.

वर येताना महिपतीला धाप लागली, तसा तो वाटेत एका दगडावर बसला. "पासपोर्टवर चाफेवाडीच घालायची," तो म्हणाला. "व्हिसा मिळू दे न्हाईतर ऱ्हाऊ दे."

पासपोर्ट बदलून यायला पावसाळा गेला. दाखले, प्रतिज्ञापत्र, पोलिसांची चौकशी, सगळं झालं. माधवीनं या वेळी अर्जासोबत अमृतच्या डॉक्टरांचं पत्र जोडलं, तिघांचे दाखले जोडले आणि स्वतः एक पान लिहिलं, की हे गाव धरणात गेलंय, म्हणून नकाशात सापडणार नाही, आणि ही तिघं तिथलीच. भात कापणीला आलं होतं तेव्हा तिचा फोन आला. "मावशी, आला. दोघांचाही."

मुक्काम थोड्याच दिवसांचा मिळाला होता, पण तेवढं बस होतं. न्यायला काय काय चालत नाही हे माधवीनं पुन्हा पुन्हा बजावलं: तूप नाही, पेढे नाहीत, दुधाचं काही म्हणजे काही नाही. अंबूबाईंनी योहानासाठी घेतलेली हिरवी साडी तेवढी पिशवीत तळाशी नीट ठेवली. म्हैस शेजारच्या निवृत्तीच्या सुनेनं सांभाळायची ठरली.

तिकडं उतरल्यावर काचेमागच्या तरुण अधिकाऱ्यानं काहीतरी विचारलं. ओंकारनं शिकवलेलं वाक्य महिपती ऐन वेळी विसरला. अंबूबाईंनी पासपोर्ट पुढं सरकवला आणि म्हणाल्या, "ब्रदर. आजारी. भेटाया." अधिकाऱ्यानं निमंत्रण पाहिलं, परतीचं तिकीट पाहिलं, मग दोन्ही पासपोर्ट शेजारी ठेवून जन्मस्थळाचा शब्द अडखळत मोठ्यानं वाचला. "चा-फे-वा-डी?"

"व्हय," महिपती ताठ उभा राहून म्हणाला. "चाफेवाडी."

शिक्का बसला.

इंदिरा बाहेर उभी होती. उंच, घाऱ्या डोळ्यांची, पण हनुवटी थेट अंबूबाईंच्या आईची. अंबूबाईंनी तिला जवळ घेतलं तेव्हा ती वाकली आणि वाकलेलीच राहिली.

घरात अमृत खिडकीपाशी बसला होता. महिपती पुढं झाला, "अमृत, अरं, मी दादा." अमृतनं त्याच्याकडं पाहिलं, ओळखीचं हसला, पण नाव काही आलं नाही. मग त्याची नजर मागं उभ्या असलेल्या अंबूबाईंवर गेली. डोक्यावरचा पदर, कपाळावरचं गोंदण, पुढं झुकलेले खांदे. वय झाल्यावर अंबूबाई हुबेहूब आईसारख्या दिसायला लागल्यात असं भावकीत सगळेच म्हणायचे.

अमृत खुर्चीचे हात धरून उठला.

"आये," तो म्हणाला. "लय उशीर केलास."

महिपतीनं तोंड फिरवलं. अंबूबाईंच्या ओठावर 'मी अंबू रं' आलं होतं. त्यांनी ते गिळलं.

"व्हय रं लेकरा," त्या म्हणाल्या. "वाट लांबची हुती."

त्यानं त्यांचा हात धरला आणि त्यांना स्वयंपाकघराकडं नेलं. तिथं योहाना उभी होती, पांढरेशुभ्र केस, डोळे रडून लाल झालेले. अमृतनं तिला पुढं केलं. लग्न करून पहिल्यांदा देशी यायच्या आधीच त्याची आई वारली होती. सून तिनं पाहिली नव्हती, ती कशी आहे हेही कधी तिच्या कानावर गेलं नव्हतं.

"आये, ही माजी बायकू," अमृत म्हणाला. आवाजात धाकधूक होती, एखाद्या चुकार पोरासारखी. "लय चांगली हाये. तू रागावू नगंस."

योहानाला शब्द कळले नाहीत, पण नवऱ्याचा चेहरा कळला. ती अंबूबाईंकडं बघत राहिली.

अंबूबाईंनी पिशवीतून साडी काढली. डबीतलं कुंकू काढलं. मग इंदिराला खुणेनं तांदूळ कुठं आहेत ते विचारलं, आणि तिनं कपाटातून काढलेल्या डब्यातले ओंजळभर तांदूळ घेतले.

"पदर धर, बाई," त्या म्हणाल्या आणि स्वतःचा पदर पुढं धरून दाखवला.

पदर नव्हता. योहानानं क्षणभर इकडं तिकडं पाहिलं, मग अंगातल्या स्वेटरचा घोळ दोन्ही हातांनी पुढं धरला. अंबूबाईंनी तिच्या कपाळाला कुंकू लावलं, साडी त्या घोळात ठेवली आणि वर तांदूळ सोडले. थोडे दाणे फरशीवर सांडले. अमृत ते वेचायला खाली वाकला, आणि महिपती त्याच्या शेजारी गुडघे टेकून बसला.